पिवळा दिवा सतरा दिवस का जळत राहिला?



सरलेल्या गळीत हंगामात आपल्या कारखान्यात एक घटना घडली. ती नोटीस बोर्डावर लागली नाही की गट ऑफिसात तिची चर्चा झाली नाही. गाळप एक तासही थांबले नाही, ऊसबिलाचा एकही पंधरवडा चुकला नाही. सबब ‘काही झालेच नाही’ असे समजून ती विसरली जाण्याच्या मार्गावर आहे. आमचे स्पष्ट मत असे की, ती विसरता कामा नये. नुकसान झाल्यावर शहाणपण कोणालाही सुचते. नुकसान हुकले असता जो शहाणा होतो, त्याचा संसार टिकतो.

घटना अशी. हिशेब विभागाच्या शेजारी संगणक कक्ष आहे. तिथे मुख्य संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, जोडलेली एक वेगळी लोखंडी पेटी आहे. कक्षातली मंडळी तिला ‘स्टोरेज’ म्हणतात. पेटीला समोरून पाच खण, प्रत्येक खणात एक हार्ड डिस्क आणि प्रत्येक डिस्कपुढे एक दिवा. दिवा हिरवा असेल तर डिस्क धड आहे. जानेवारीतल्या एका रात्रपाळीत पाचांपैकी एक दिवा पिवळा झाला. डिस्क मेली होती. ती बदलून नवी बसायला सतरा दिवस लागले.

आता कोणी म्हणेल, “अहो, उसाचं बोला, रिकव्हरीचं बोला. डिस्कचं आम्हाला काय सांगताय?” बरोबर आहे, पण त्या पेटीत काय आहे ते एकदा ऐका. तुमची लागण कोणत्या तारखेची, आडसाली की पूर्वहंगामी की खोडवा, त्याची नोंद त्या पेटीत. तुमच्या ट्रॉलीचे काट्यावरचे भरलेले वजन आणि रिकामे वजन त्या पेटीत. तोडणी-वाहतुकीचा हिशेब, मुकादमाची उचल, सोसायटीची कपात, बँकेचा खातेनंबर, शेअर्सची नोंद, ठेवीची नोंद, सगळे त्या पेटीत. गेल्या पिढीत हे सारे लाल बासनात बांधलेल्या वह्यांत होते. त्या वह्यांना वाळवी लागली असती तर आपण सभेत टेबलावर मुठी आपटल्या असत्या. इथे वाळवी लागली होती आणि आपल्याला पत्ता नव्हता.

एक डिस्क मेली तरी काम चालू कसे राहिले, हे आधी समजून घेऊ. त्यात जादू नाही, चौथीतले गणित आहे. समजा चार शेतकऱ्यांच्या चार ट्रॉल्या काट्यावर आल्या. वजने भरली 12 टन, 9 टन, 14 टन आणि 10 टन. ही चार वजने आपण चार चिठ्ठ्यांवर लिहिली आणि पाचव्या चिठ्ठीवर बेरीज लिहिली : 45. आता 9 टनांची चिठ्ठी वाऱ्याने उडाली. काळजीचे कारण नाही. 45 मधून 12, 14 आणि 10 वजा करा, 9 परत मिळाले. बेरजेची चिठ्ठी उडाली तर पुन्हा बेरीज करा. पाचांतली कोणतीही एक चिठ्ठी गेली तरी हिशेब शाबूत.

पण दोन उडाल्या तर? 9 ची आणि 14 ची, दोन्ही गेल्या. 45 मधून 12 आणि 10 वजा केले की 23 उरतात. या 23 मध्ये कोणाचे किती, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. दोन्ही शेतकरी काट्यासमोर उभे राहून भांडतील आणि दोघेही खरे असतील.

पेटीतल्या पाच डिस्क नेमक्या याच रीतीने काम करतात. फरक इतकाच की, यंत्र बेरीज त्याच्या पद्धतीने एक-शून्याच्या भाषेत करते आणि ती एकाच डिस्कवर न ठेवता पाळीपाळीने पाचही डिस्कांवर पसरून ठेवते. या पद्धतीला ‘रेड’ म्हणतात. अमेरिकेतल्या बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी 1988 साली एका निबंधात ती मांडली. त्या काळी मोठ्या संगणकाला एक भली मोठी, महागडी डिस्क जोडत. या तिघांचे म्हणणे असे की, एका महागड्या डिस्कवर विसंबण्यापेक्षा पुष्कळ लहान, स्वस्त डिस्क एकत्र बांधा आणि एक पडली तर बाकीच्यांनी तिचे ओझे उचलावे अशी व्यवस्था करा.

ही कल्पना ऐकून आम्हाला आपल्या प्रवरेची आठवण झाली. एका सावकारावर विसंबण्यापेक्षा शंभर लहान शेतकरी एकत्र बांधावेत, एकाचे पीक बुडाले तर संस्थेने सावरावे, हेच तर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीच्या माळावर करून दाखवले. पण सहकारात एक पथ्य असते. पडलेल्याला बाकीच्यांनी सावरायचे ते तो पुन्हा उभा राहीपर्यंत. तो पडूनच राहिला आणि दुसराही पडला, तर संस्था बसते. पेटीचेही तसेच आहे. एक डिस्क मेल्यावर पेटी चालते, पण ती एका पायाने लंगडा झालेला बैल गाडीला जुंपल्यासारखी चालते. त्या सतरा दिवसांत दुसरी डिस्क गेली असती, तर वर सांगितलेले सगळे एका क्षणात 23 झाले असते. कोणाचे किती, ते सांगता न येणारे.

“दुसरी कशाला जाईल?” असे आम्हालाही एका जबाबदार व्यक्तीने विचारले. उत्तर सरळ आहे. त्या पाचही डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आल्या, एकाच दिवशी बसल्या आणि तितकेच तास फिरल्या. एकाच वावरात, एकाच दिवशी लावलेल्या उसाला तुरा एकाच सुमारास येतो. शिवाय एक मेली की उरलेल्या चौघींवर कामाचा बोजा वाढतो. नवी डिस्क बसल्यावर तर तिच्यावरचा मजकूर पुन्हा तयार करण्यासाठी यंत्राला उरलेल्या चारही डिस्क पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत वाचाव्या लागतात. म्हातारीला डोंगर चढायला लावण्याचाच हा प्रकार. चढेल बहुतेक, पण दम तिथेच लागतो.

कंपनीच्या पत्रकावर मोठमोठे आकडे असतात. दहा लाख तास, पंधरा लाख तास. दहा लाख तास म्हणजे 114 वर्षे! अर्थात एक डिस्क 114 वर्षे चालेल असा त्याचा अर्थ नव्हे. हजारो डिस्क एकत्र चालवल्या असता वर्षाला किती मरतील, त्याचा तो अंदाज. तो अंदाजही कागदावरचा. 2007 साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कांची प्रत्यक्ष नोंद तपासली. पत्रकांप्रमाणे वर्षाला शेकडा एकाहूनही कमी डिस्क बदलाव्या लागायला हव्या होत्या. प्रत्यक्षात शेकडा दोन ते चार बदलाव्या लागणे ही नेहमीची गोष्ट निघाली. त्याच वर्षी गुगलच्या तिघा अभियंत्यांनी आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की, मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी मरण्यापूर्वी महत्त्वाच्या मानल्या गेलेल्या चार खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. म्हणजे ‘बाकीच्या चार हिरव्या आहेत ना’ या समाधानाला फारसा आधार नाही. आज हिरवी, उद्या काळी.

मग सतरा दिवस का लागले? याचा शोध आम्ही घेतला. कोणाला सुळावर चढवावे म्हणून नव्हे, तर दिवस कुठे गेले हे कळावे म्हणून.

दिवा पिवळा झालेला रात्रपाळीच्या मुलाने पाहिला आणि वहीत लिहिला. वही वाचली गेली तिसऱ्या दिवशी. पेटीला बिघाडाचा संदेश फोनवर पाठवण्याची सोय आहे. ती बसवल्या दिवसापासून कोणी चालूच केलेली नव्हती. चौथ्या दिवशी मागणीपत्र निघाले. आपल्या नियमाप्रमाणे तीन दरपत्रके मागवली. दोन आली, तिसरे अपुरे आले, पुन्हा मागवले. खरेदी समितीची बैठक अकराव्या दिवशी झाली. आदेश निघाला. माल सोळाव्या दिवशी आला आणि सतराव्या दिवशी रात्री बसला. म्हणजे पहा, यात कोणी लबाडी केली नाही, कोणी झोपा काढल्या नाहीत. प्रत्येकाने आपला नियम पाळला आणि सगळ्यांनी मिळून कारखान्याचे दफ्तर सतरा दिवस टांगणीला लावले.

यावर काही संचालक आणि सभासद म्हणतात की, संगणक विभागाला तीन दरपत्रकांच्या नियमातून मोकळे करा. आम्ही या मताचे नाही. हा नियम हवेतून आलेला नाही. सभासदांचा पैसा कोणाच्या मेहुण्याच्या दुकानात जाऊ नये, म्हणून आपल्याच वाडवडिलांनी भांडून तो करून घेतला. आज डिस्कसाठी सोडला तर उद्या रंगासाठी सोडाल, परवा सिमेंटसाठी. परंतु नियम आणि निकड यांचे भांडण लावण्याचे कारणच काय? मिलहाऊसकडे पहा. रोलरचे बेअरिंग हंगामात जाणार, हे चीफ इंजिनिअरला ठाऊक असते. म्हणून तो पावसाळ्यातच, तीन दरपत्रके मागवून, समितीची सही घेऊन बेअरिंग स्टोअरमध्ये आणून ठेवतो. रात्री दोन वाजता बेअरिंग गेले की तो दरपत्रके मागवत नाही, स्टोअरकीपरला उठवतो. जो न्याय रोलरला तोच डिस्कला लावा. ऑफ सीझनमध्ये रीतसर दोन डिस्क घ्या, स्टोअरच्या यादीत बेअरिंगशेजारी चढवा आणि हंगामात पिवळा दिवा लागला की त्याच पाळीत बदला. नियमही राहिला, कामही झाले. तहान लागल्यावर विहीर खणायची आणि मग खणणाऱ्याला उशिराबद्दल बोल लावायचा, ही रीत बरी नव्हे.

पैशाचा हिशेबही मांडू. असली एक डिस्क एका भरल्या ट्रॉलीच्या ऊसबिलात येते. आता दुसरे पारडे पहा. ऊस (नियंत्रण) आदेश, 1966 प्रमाणे ऊस घातल्यापासून 14 दिवसांत बिल द्यावे लागते. न दिल्यास थकलेल्या रकमेवर वर्षाला शेकडा 15 व्याज. एक कोटी रुपयांचे बिल एक दिवस थकले तर व्याज होते सुमारे 41 हजार रुपये. एक कोटी, एक दिवस! पेटी बसली असती आणि वजने पुन्हा चिठ्ठ्यांवरून जुळवत बसावे लागले असते, तर किती कोटी किती दिवस थकले असते, याचा अंदाज सुज्ञ सभासदांनीच करावा. आणि हे व्याज सरतेशेवटी कोणाच्या खिशातून जाते? कारखाना म्हणजे आपणच.

आता सतराव्या रात्रीची गोष्ट. तीही सांगायलाच हवी, कारण खरा घात तिथे व्हायचा होता.

पेटीने बिघाडाचा संदेश दिला होता : ‘डिस्क 3’. डिस्क बदलायला बसलेल्या मुलाने डावीकडून मोजले, एक, दोन, तीन, आणि तिसऱ्या खणाच्या कडीला हात घातला. पण हे यंत्र मोजणी शून्यापासून करते. शून्य, एक, दोन, तीन. म्हणजे ‘डिस्क 3’ ही डावीकडून चौथी. पिवळा दिवा चौथ्याच खणावर होता. पण दिवसभराचा शिणलेला माणूस, हातात संदेशाचा कागद. कागदावर तीन म्हणजे तीन. तिसऱ्या खणातली धड डिस्क ओढली असती तर एक मेलेली आणि एक उपटलेली, अशा दोन चिठ्ठ्या उडाल्या असत्या. शेजारी उभ्या असलेल्या हिशेबनिसाने विचारले, “बाळा, दिवा तर पलीकडच्याला आहे ना?” आणि हात थांबला. त्या हिशेबनिसाला संगणकातले ओ की ठो कळत नाही. पण त्याला कागद आणि वस्तू ताडून पाहायची सवय आहे. ती सवय त्या रात्री कारखान्याला तारून गेली.

त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला कोणी शिकवलेच नव्हते. पेटीच्या कंपनीचे जाडजूड पुस्तक इंग्रजीत आणि तेही कपाटात कुलूपबंद. म्हणून जाणकारांना विचारून आम्ही या कामाची रीत इथे सांगत आहोत. ती मराठीत लिहून पेटीवरच डकवावी, अशी आमची सूचना आहे.

पहिले म्हणजे, डिस्कला हात लावण्यापूर्वी त्या दिवसापर्यंतची नक्कल दुसऱ्या जागी घ्यावी आणि ती उघडते का ते पाहावे. दुसरे, पेटी बंद करू नये. अशा पेट्या चालू असताना डिस्क बदलता यावी म्हणूनच बनवलेल्या असतात. वर्षानुवर्षे फिरणाऱ्या डिस्क एकदा थांबवल्या की त्यातली एखादी पुन्हा उठतच नाही, असेही घडते. तिसरे, मेलेली डिस्क ओळखताना एका खुणेवर विसंबू नये. संगणकावरून त्या खणाचा दिवा लुकलुकवण्याची सोय असते, ती वापरावी. आणि कोणत्या खणात कोणत्या क्रमांकाची डिस्क आहे, याची यादी आधीच करून ठेवून छापील क्रमांक ताडून पाहावा. हे दोघांनी मिळून करावे, एकट्याने कदापि नाही.

चौथे, डिस्क एकदम उपसू नये. कडी सोडून बोटभर पुढे ओढावी, अर्धा-एक मिनिट थांबावे. आतली तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेत असते. ती थांबली की मगच बाहेर काढावी. पाचवे, नवी डिस्क जुन्याइतक्या किंवा जुन्याहून अधिक मापाची आणि त्याच जातीची असावी. माप एका केसाने कमी भरले तरी पेटी ती स्वीकारत नाही. स्वस्तात मिळते म्हणून बाजारातली कोणतीही डिस्क आणू नये. काही डिस्कांत जागा वाचवण्यासाठी मजकुराच्या रेघा कौलांसारख्या एकावर एक चढवून लिहिलेल्या असतात. त्या घरच्या साध्या साठवणीला चालतात, पण अशा पेटीत नव्याने भरताना त्यांचा जीव मेटाकुटीला येतो. पेटीच्या कंपनीने मान्य केलेल्या डिस्कांची यादी असते, तीतूनच घ्यावी.

सहावे, डिस्क बसली म्हणजे काम झाले असे नव्हे. पुनर्भरण खरोखर सुरू झाले की नाही ते पडद्यावर पाहावे. काही पेट्या ते आपोआप सुरू करतात, काहींना सांगावे लागते. आपल्या डिस्क चार टेराबाइटच्या. सेकंदाला शंभर मेगाबाइट या वेगाने अशी एक डिस्क भरायला अकरा तासांहून अधिक लागतात, तेही दुसरे काम नसताना. आपल्याकडे काटा चालू होता म्हणून रात्री नऊला सुरू झालेले पुनर्भरण दुसऱ्या दिवशी सायंकाळी संपले. त्या वेळात मोठे अहवाल काढणे, जुन्या वर्षांची छाननी, असली जड कामे बंद ठेवावीत. सगळे दिवे हिरवे झाल्याखेरीज कोणी हुश्श म्हणू नये.

आणि सातवे, जे बहुतेक जण विसरतात. मेलेली डिस्क भंगारात देऊ नये. ती आपल्यासाठी मेली. पण तिच्यावर सभासदांची नावे, खातेनंबर, आधार क्रमांक यांचे तुकडे असतात आणि जाणत्या माणसाला ते वाचता येण्याची शक्यता असते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 साली संसदेने संमत केला आहे. पण कायद्यापेक्षाही ही विश्वासाची बाब आहे. वर्कशॉपमध्ये नेऊन तिच्या तबकड्यांना आरपार भोके पाडावीत, दोघांच्या सह्यांनी पंचनामा करावा, मगच भंगारात टाकावी.

हे झाले डिस्कचे. पण आमच्या मनाला खरी टोचणी लागली ती वेगळ्याच गोष्टीची. आम्ही संगणक कक्षात विचारले, “समजा दुसरी डिस्क गेलीच असती, तर?” उत्तर आले, “रोज रात्री नक्कल घेतो की!” चांगली गोष्ट. “कुठे ठेवता?” तर त्याच खोलीत, त्याच कपाटात. “ती नक्कल कधी परत भरून पाहिली आहे का?” यावर कोणी काही बोलले नाही.

मग आमच्या आग्रहावरून एका रिकाम्या संगणकावर ती भरून पाहिली. ऊसनोंद उघडली, शेअर्सचे खाते उघडले. चालू हंगामाच्या वजनांची फाईल मात्र उघडेना. कारण शोधले तेव्हा कळले की, काटा रात्रंदिवस चालू असल्याने ती फाईल कायम उघडी असते आणि नक्कल घेणारी व्यवस्था उघडी फाईल सोडून पुढे जात होती. किती दिवसांपासून? हंगाम सुरू झाल्यापासून! म्हणजे ज्या नक्कलेच्या भरवशावर आपण निर्धास्त होतो, तिच्यात नेमके हवे तेच नव्हते. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, ती ही गत. आता ही चूक दुरुस्त झाली आहे. पण पिवळा दिवा लागला नसता तर ती कधी उघडकीस आली असती, हा विचार करून पाहावा.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. पाच डिस्कांची पेटी म्हणजे नक्कल नव्हे. पेटी फक्त डिस्क मरण्यापासून वाचवते. कोणी चुकून नोंद पुसली तर ती पाचही डिस्कांवरून एकाच वेळी पुसली जाते. वीज पडली, पाणी शिरले, आग लागली, किंवा चोरट्यांनी संगणकात घुसून सगळे कुलूपबंद करून खंडणी मागितली, तर पाच डिस्क असोत की पन्नास, सगळ्या एकदम जातात. 21 जून 2012 रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. माणसे दगावली आणि वरच्या मजल्यांवरच्या असंख्य फायली जळाल्या. ते कागद होते म्हणून जळाले असे म्हणावे, तर 26 सप्टेंबर 2025 रोजी दक्षिण कोरियात देजॉन येथे सरकारी माहिती केंद्राला आग लागली आणि सरकारी नोकरांचा सुमारे 858 टेराबाइट इतका मजकूर गेला. संगणकाच्या विद्येत तो देश किती पुढे! पण त्या साठ्याची दुसरीकडे नक्कल नव्हती. साठा फार मोठा असल्याने ती ठेवली नव्हती, असे तिथल्या सरकारने सांगितले. ज्याची नक्कल ठेवणे अवघड वाटले, नेमके तेच गेले.

आणि आपल्याला नक्कल म्हणजे काय हे कोणी परदेशातून येऊन शिकवावे का? काट्यावरच्या पावतीखाली कार्बन घालणारे आपणच ना? एक पावती शेतकऱ्याला, एक गटाला, एक ऑफिसला. तीन प्रती, तीन जागी. एकीवर उंदीर पडला तरी दोन उरतात. संगणकवाले आज जो नियम सांगतात, तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक गावाबाहेर, तो आपल्या कार्बन पेपरचाच थोरला भाऊ आहे. 2019 आणि 2021 साली कृष्णा-पंचगंगेच्या काठच्यांनी पाणी कुठवर चढते ते पाहिले आहे. म्हणून एक प्रत कारखान्याच्या आवाराबाहेर, उंचावरच्या जागी असणे ही चैन नव्हे.

यावर कोणी म्हणतात, “हे सगळं झेंगटच नको, भाड्याने दुसऱ्यांच्या संगणकावर ठेवा.” एक प्रत तशी जरूर ठेवावी, आमचा विरोध नाही. परंतु सगळेच तिकडे नेले तर पावसाळी रात्री इंटरनेटची तार तुटल्यावर काटा बंद आणि रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग. शिवाय तिकडेही डिस्कच आहेत आणि त्याही मरतात. फक्त पिवळा दिवा आपल्याला दिसत नाही. दुसरे काही जण म्हणतात, “जुन्या वह्याच बऱ्या होत्या.” त्यांना आम्ही नम्रपणे विचारतो, पंधरवड्याचे बिल चौदा दिवसांत वहीवरून काढून दाखवाल का? मागे जाता येत नाही. पुढे नीट जायचे, इतकेच हाती आहे.

असो. संचालक मंडळापुढे आमच्या सूचना अशा. एक, दर ऑफ सीझनमध्ये रीतसर दरपत्रकांनी दोन डिस्क स्टोअरमध्ये आणून ठेवाव्यात आणि वापरली की लगेच दुसरी मागवावी. दोन, पेटीचा बिघाड-संदेश तीन माणसांच्या फोनवर जावा, त्यात कार्यकारी संचालक एक असावेत. तीन, पुढील खरेदीत पेटी अशी घ्यावी की दोन डिस्क गेल्या तरी मजकूर शाबूत राहील. तशी व्यवस्था मिळते, एका डिस्कची जागा जास्त खर्ची पडते इतकेच. चार, बॉयलरची जशी दरवर्षी तपासणी होते, तशी हंगामापूर्वी एकदा आणि मध्यावर एकदा नक्कल परत भरून पाहावी आणि त्याचा निकाल अहवालात छापावा. पाच, संगणक कक्षातल्या मुलांना शिक्षण द्यावे; त्यांना ‘बटणं दाबणारी पोरं’ समजण्याचे दिवस संपले.

सभासदांनीही आपला वाटा उचलावा. आपल्या वजनाच्या पावत्या बिल जमा होईपर्यंत जपून ठेवा. उद्या दोन चिठ्ठ्या उडाल्याच, तर तिसरी तुमच्या पेटाऱ्यात असेल. आणि येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत साखरेचा उतारा आणि दर यांच्याबरोबर एक प्रश्न आवर्जून विचारा : “नक्कल परत भरून पाहिली का? कोणत्या तारखेला?” तारीख सांगता आली तर टाळ्या वाजवा. सांगता आली नाही तर खाली बसू नका.

सतरा दिवस आपण दैवाच्या जिवावर काढले. दैवाने साथ दिली, त्याचे आभार. पण दैव हे काही आपल्या कारखान्याचे सभासद नाही. त्याच्यावर पुढचा हंगाम सोपवता येणार नाही.

जय सहकार!